हिमालयाचे बर्फ आणि कागलचा पाऊस

कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या माळावर आज पंचतारांकित एमआयडीसी उभी आहे. ओतकामाच्या फौंड्र्या, यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या शेडी, कापडाचे कारखाने, सगळे काही तिथे आहे. पाळी सुटली की फाटकातून मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडतो आणि आसपासच्या गावांकडे वळतो. या लोंढ्यातल्या पुष्कळांची घरी एक-दोन एकर जमीन आहे. हाताला वंगण लागलेले असले तरी मन शेतात असते. मे महिना सरत आला की चहाच्या टपरीवर पगाराची गोष्ट मागे पडते आणि पावसाची गोष्ट पुढे येते.

२०२४ च्या मे महिन्यात अशाच एका टपरीवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो फौंड्रीत मोल्डिंगवर काम करतो. रामराम झाला, चहा आला. मग तो म्हणाला, "सर, माझा थोरला भाऊ मिलिटरीत हाय, काश्मिरात. त्यो सांगत हुता, औंदा जानेवारी निम्मा सरला तरी गुलमर्गला बर्फच न्हाई. आनि कुनीतरी म्हनतंय, तिकडं बर्फ कमी पडलं की आपल्याकडं पाऊस दाबून पडतो. हे खरं काय? खरं असंल तर सोयाबीन जरा वाढवून पेरतो."

शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ हसले. म्हणाले, "कुठं काश्मीर आनि कुठं कागल!"

मला मात्र हसू आले नाही. कारण हाच विचार बरोबर एकशे चाळीस वर्षांपूर्वी, १८८४ साली, एका शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. आणि योगायोग पाहा, त्याच १८८४ सालच्या मार्च महिन्यात, १७ तारखेला, कागलच्या घाटगे घराण्यातला एक मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा संबंध नाही. परंतु एकाने पाऊस आधी ओळखण्याची वाट शोधली आणि दुसऱ्याने पडलेला पाऊस साठवण्याची. शेतकऱ्याला दोन्ही वाटा लागतात. म्हणून आज त्या दोन्हींची हकिकत आपल्याला सांगणार आहे.

ही हकिकत संकटांपासून सुरू होते. १८६४ साली कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले. त्यानंतर १८६६ आणि १८७१ या साली पावसाने दगा दिला. ओरिसात तर माणसे अन्नावाचून मेली. हवेच्या नोंदी त्या काळीही होत असत, पण त्या ठिकठिकाणी विखुरलेल्या. त्या एकत्र करून त्यांचा अर्थ लावणारे कोणी नव्हते. तेव्हा १८७५ साली सरकारने भारतीय हवामान खाते स्थापन केले आणि हेन्री ब्लॅनफर्ड या गृहस्थांना त्याचे प्रमुख नेमले. हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. खडक वाचणारा माणूस आकाश वाचायला बसला, म्हणा ना.

खाते नुकते उभे राहते आहे तोच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. आपल्या दख्खनने तो पुरेपूर भोगला. लाखो माणसे गेली. मग सरकारने ब्लॅनफर्डना विचारले, पाऊस येणार की नाही हे दोन-तीन महिने आधी सांगता येईल काय? धान्य कुठे साठवायचे, मदतीची कामे कुठे काढायची, हे त्यावर ठरणार होते.

ब्लॅनफर्डनी जुन्या नोंदी चाळल्या. त्यांच्या असे ध्यानात आले की, ज्या वर्षी हिमालयात, विशेषतः पश्चिम हिमालयात, हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडते आणि उशिरापर्यंत टिकते, त्या वर्षी पुढे वायव्येकडून कोरडे वारे वाहत राहतात आणि पाऊस ओढ धरतो. बर्फ कमी तर पाऊस बरा, बर्फ जास्त तर पावसाला धोका. टपरीवरचा माझा विद्यार्थी जे विचारत होता ते हेच.

आता आपण म्हणाल, बर्फाचा आणि पावसाचा हा असा व्यस्त संबंध का असावा? एक घरगुती उदाहरण घेऊ. वैशाखाच्या उन्हात खळ्यावर दोन सारखे दगड ठेवा. एकावर ओले गोणपाट टाका, दुसरा उघडा ठेवा. तासाभराने उघडा दगड हात लावू देणार नाही. गोणपाटाखालचा मात्र गारच असेल. ऊन दोघांवर सारखेच पडले. पण एकावरचे ऊन गोणपाट वाळवण्यातच खर्ची पडले.

बर्फाचे असेच आहे, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली गोष्ट, बर्फ पांढरे. ताजे बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातला दहातला आठ-नऊ हिस्से भाग परत आकाशाकडे फेकते. उघडी काळी जमीन त्यातला फार थोडा परत करते. दुसरी गोष्ट, बर्फ वितळायला फार उष्णता लागते. एक किलो बर्फाचे नुसते पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. शिक्षक बंधुभगिनी हे वर्गात शिकवतातच. म्हणजे डोंगरावर बर्फ जाड असले की एप्रिल-मेचे ऊन ते वितळवण्यात आणि खालची ओली जमीन सुकवण्यात खपते. जमीन तापायला उशीर होतो.

आणि आपला मोसमी पाऊस तर जमीन तापण्यावरच अवलंबून. उन्हाळ्यात भारताची भूमी आणि तिच्या उत्तरेचे तिबेटचे उंच पठार तापते. तिथली हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते. चुलीत जाळ चांगला असला की धुराडे ओढ घेते. जाळ मंद असला की धूर घरातच कोंडतो. हिमालयापलीकडचे बर्फ म्हणजे त्या चुलीतले ओले सरपण. सरपण ओले असेल तर जाळ उशिरा धरतो आणि ओढ कमी पडते. कुठं काश्मीर आणि कुठं कागल, याचे उत्तर हे असे आहे.

या आडाख्यावर ब्लॅनफर्डनी १८८२ पासून तात्पुरते अंदाज द्यायला सुरुवात केली. ते बऱ्यापैकी जुळले. मग ४ जून १८८६ या दिवशी देशाच्या पावसाचा पहिला रीतसर दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्याचा पाया हिमालयातले बर्फ.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते बर्फ मोजायचे कसे? पावसाचे मोजमाप सोपे असते, भांडे ठेवले की झाले. बर्फ तसे नसते. वारा ते उडवतो, खड्ड्यात दहा फूट साठते आणि कड्यावर बोटभरही राहत नाही. ताजे बर्फ कापसासारखे हलके असते. दहा सेंटिमीटर ताज्या बर्फाचे पाणी केले तर ते साधारण एक सेंटिमीटर भरते. तेच बर्फ दबून, गोठून जुने झाले की तेवढ्याच जाडीत तिप्पट-चौपट पाणी निघते. तेव्हा 'गुडघाभर बर्फ' म्हटल्याने काहीच कळत नाही. त्या काळी डोंगरी भागातल्या अधिकाऱ्यांकडून पत्रे येत, अमुक खिंड बंद आहे, तमुक शिखर अजून पांढरे आहे, अशी. त्यावरून साऱ्या देशाच्या पावसाचा अंदाज बांधायचा! धाडसच ते.

आणि ते धाडस अंगाशी आले. ब्लॅनफर्डनंतर जॉन एलियट खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी बर्फाला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडच्या हवेची जोड दिली. अंदाजपत्रके लांबलचक झाली. परंतु १८९९ साली चांगल्या पावसाची आशा दाखवली गेली आणि प्रत्यक्षात त्या वर्षी देशाच्या मोठ्या भागावर भीषण दुष्काळ पडला. आशा लावून बसलेल्या माणसाला दुष्काळ दुप्पट लागतो. लोकांनी टीका केली, वर्तमानपत्रांनी केली, आणि ती रास्तच होती.

आता थोडा वेळ आपल्या मुलखाकडे वळू. या सुमारास कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला आणि दोनच वर्षांत, १८९६-९७ ला, दुष्काळ दारात आला. त्यामागोमाग प्लेग, आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, मजुरांसाठी कामे काढली, जनावरांच्या चाऱ्याची तजवीज केली. पण त्यांच्या मनाने एक गोष्ट धरली. पाऊस कधी येईल हे शिमल्याचे साहेब सांगोत वा गावचे जोशीबुवा, येणाऱ्या पावसाला अडवून ठेवणे आपल्या हाती आहे. पुढे १९०७ च्या सुमारास त्यांनी भोगावती नदीवर धरणाची योजना हाती घेतली. तेच राधानगरीचे धरण. महाराजांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात. पण आज आपण त्याच्या स्वयंचलित दरवाजांकडे पाहतो, किती उघडले आणि किती मिटले हे रेडिओवर ऐकतो, तेव्हा त्यामागे त्या दुष्काळाची आठवण आहे हे विसरू नये.

इकडे हवामान खात्यातही एक वेगळ्या घडणीचा माणूस आला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे प्रमुख झाले. केंब्रिजचे गणिती. हवामानाचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. हीच गोष्ट उपयोगी पडली, असे म्हणावेसे वाटते. कारण त्यांनी कोणताही आडाखा आधी खरा मानला नाही. त्यांनी कारकुनांना बसवून जगभरच्या नोंदी मांडायला लावल्या. कुठला वायुभार, कुठला पाऊस, कुठले बर्फ, आणि त्याच्या पुढे आपल्या देशाचा पाऊस. मग गणिताने पाहिले, कोणती खूण किती वेळा जुळते आणि किती वेळा फसते. १९०९ साली त्यांनी जे सूत्र बसवले त्यात मे महिन्याच्या अखेरीचे हिमालयातले बर्फ होतेच, पण त्याच्या जोडीला दक्षिण अमेरिकेचा आणि मॉरिशसचा वायुभार आणि झांजिबारचा पाऊसही होता. पूर्वी बर्फाला एकट्याला पाटीलकी होती. वॉकरनी त्याला पंचांत बसवले.

या शोधातच त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यामधला वायुभाराचा झोका सापडला. एकीकडे भार चढला की दुसरीकडे उतरतो. १९२४ साली त्याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे १९६९ साली बियर्कनेस या शास्त्रज्ञांनी दाखवले की, आपण ज्याला एल निनो म्हणतो ते समुद्राचे तापणे आणि वॉकरचा हा झोका ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत. आज वर्तमानपत्र उघडले की एल निनो दिसतो. तो शोध आपल्या पावसाच्या काळजीतून निघाला, हे सांगायला मला आनंद वाटतो. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणतात ते यामुळेच. कार्यालय पुढे दिल्लीला गेले, पण पावसाच्या दीर्घ अंदाजाचे काम पुण्यात राहिले.

आता परत बर्फाकडे येतो, कारण मधल्या काळात बर्फ वाचण्याची कलाही पुढे गेली. गुलमर्गला लोक पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरण्याचा खेळ खेळतात. तिथे २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी सामने होतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेसे बर्फ नव्हते म्हणून ते पुढे ढकलावे लागले. तिकडचे बर्फ पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी झोतांनी पडते. ते झोत आले नाहीत की डोंगर उघडे राहतात.

अशा डोंगरावरचा जाणता माणूस नुसते वरचे बर्फ पाहून उतारावर पाय ठेवत नाही. तो फावड्याने खड्डा खणतो आणि बर्फाची उभी भिंत समोर धरतो. तिच्यात थर दिसतात. खालचा थर पहिल्या हिमवर्षावाचा. त्यावर उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा पापुद्रा. त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर. आणि सर्वांत वर रात्रीचे भुसभुशीत बर्फ. मधला एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा असेल तर वरचे सगळे ओझे त्यावरून घसरते. त्यालाच हिमकडा कोसळणे म्हणतात. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका फार. मी इतिहासाचा मास्तर. मला ती भिंत एखाद्या जुन्या दप्तरासारखी वाटते. हिवाळ्यात काय काय घडले ते तिच्यात तारीखवार लिहिलेले असते. वाचता आले तर जीव वाचतो.

आणि श्रोतेहो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे नाव आपण जाणता. कोल्हापूर, सातारा, सांगली, बेळगाव या मुलखांतली किती घरे अशी आहेत, की ज्यांचा मुलगा आज बर्फात उभा आहे! २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचेनला बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गेले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्याचा होता. बर्फाचा आणि हिमकड्यांचा अभ्यास करण्यासाठी १९६९ साली मनालीला एक संस्था उभारली गेली. तेच काम आज संरक्षण संशोधन खात्याची संस्था करते. तिच्या इशाऱ्यांवर जवानांच्या हालचाली ठरतात.

हा बर्फाचा थर वाचणारा आणि आपला शेतकरी, दोघे एकाच जातीचे. शेतकरी पेरणीआधी मूठभर माती उचलतो, दाबतो, वापसा आला की नाही ते पाहतो. आणि गंमत म्हणजे आमच्या फौंड्रीतला तो विद्यार्थीही हेच करतो. साच्याची वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा पाहतो. ओल जास्त झाली तर ओतलेल्या लोखंडात बुडबुडे धरतात, कमी झाली तर साचा ढासळतो. हातात घेऊन पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा धडा तिघांचाही एकच.

तेव्हा बर्फाचे मोजमापही डोळ्याच्या अंदाजावरून प्रत्यक्ष पाहणीवर आले. साठच्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह साऱ्या आशिया-युरोपवरचा बर्फाचा पांढरा पडदा वरून पाहू लागले. १९७६ साली हान आणि शुक्ला या दोघांनी त्या छायाचित्रांवरून दाखवले की, ब्लॅनफर्डचा आडाखा अगदीच खोटा नव्हता. हिवाळ्यात पडदा मोठा असला की पुढचा पाऊस उणा पडण्याकडे कल असतो. परंतु हे नातेही सर्व काळ सारखे राहत नाही. काही दशकांत ठळक, तर काही दशकांत पुसट.

मग १९८८ साली पुण्याचे वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा खुणांचे सूत्र मांडले. समुद्राचे तापमान, वरच्या हवेतले वारे, ठिकठिकाणचा वायुभार, आणि त्यांतच हिमालयातले व युरोप-आशियातले बर्फ. सोळांपैकी किती खुणा अनुकूल, यावर अंदाज. पुढची चौदा वर्षे देशावर मोठा दुष्काळ आला नाही आणि सूत्राचा बोलबाला झाला. मराठी माणसाने ते केले याचा आपल्याला अभिमान वाटला.

आणि मग आले २००२. त्या वर्षी अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा. प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. सबंध जुलै महिन्यात देशात निम्म्याच्या आसपास पाऊस झाला.

ते वर्ष मला स्वतःला चांगले आठवते. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. आमचे वडील पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहत. मृगाचे वाहन काय, आर्द्राचे काय, यावर त्यांचा भरवसा. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर आणि किती उंच बांधले, तेही पाहत. त्या वर्षी त्यांच्या सगळ्या खुणा चांगल्या होत्या. मृगाच्या पहिल्या सरीवर त्यांनी भुईमूग टोकला. मग पाऊस जो गेला तो गेलाच. तरणा पाऊस कोरडा गेला, म्हातारा पाऊस कोरडा गेला. महागाचे बियाणे मातीत करपले. दुबार पेरणीला आईच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या. त्या पुन्हा झाल्या नाहीत. वडिलांनी कोणाला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, "एका खुणंवर सगळं बी टाकायला नको हुतं."

श्रोतेहो, वॉकरसाहेबांनी आयुष्यभर गणित करून जे काढले, ते आमच्या वडिलांनी एका वाक्यात सांगितले. त्याची किंमत मात्र आईने मोजली.

२००२ नंतर काय झाले? शास्त्रज्ञांनी चूक झाकून ठेवली नाही. जुने सूत्र बाजूला काढले आणि २००३ पासून नवी सूत्रे आणली. पुढे संगणकावर सारे वातावरण आणि समुद्र मांडून त्यावरून अंदाज काढण्याची पद्धत आली. पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था त्यात पुढे आहे. आज एप्रिलच्या मध्याला पहिला आणि मे अखेरीस दुसरा अंदाज येतो. त्या पत्रकात आजही उत्तर गोलार्धातल्या बर्फाचा उल्लेख असतो. म्हणजे ब्लॅनफर्डचे बर्फ अजून पंचांत बसलेले आहे. पण निकाल पंच मिळून देतात.

या अंदाजाचा अर्थही नीट समजून घ्यावा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सबंध देशाचा सरासरी पाऊस ८७ सेंटिमीटर. '१०६ टक्के' म्हणजे सबंध देशाचा पाऊस त्याच्या सहा टक्के वर. ते कागलचे सांगणे नव्हे. आपल्याच जिल्ह्याचे पाहा ना. पश्चिमेला गगनबावड्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला शिरोळकडे पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. दोहोंमधले अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मधोमध कागल. मग देशाच्या एका आकड्यावरून आपल्या बांधावरचा पाऊस कसा ठरणार? उलट २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत घाटमाथ्यावर इतका पाऊस झाला की, शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले, गाड्यांच्या रांगा लागल्या. पूर्वेच्या गावांत आभाळ उघडे असतानाही पश्चिमेच्या पावसाने पूर येतो, हे आपण भोगले आहे.

आता त्या टपरीवरच्या प्रश्नाचे काय झाले ते सांगतो. मी त्या मुलाला म्हणालो, बर्फाची खूण खोटी नाही, पण ती सोळांतली एक. तुझा भाऊ सांगतो ते गुलमर्गचे, आणि खूण आहे ती युरोपपासून चीनपर्यंतच्या साऱ्या बर्फाची. तेव्हा सोयाबीन वाढव किंवा वाढवू नको, पण घाई करू नको. पेरणीयोग्य म्हणजे पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरू दे, वापसा पाहा, पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज ऐक, आणि मग चाड्यावर मूठ धर. दीर्घ अंदाज हा बियाण्याची आणि खताची तजवीज करण्यासाठी. पेरणीची तारीख त्यावरून ठरवू नये.

त्या वर्षी देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. जुलैअखेर पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली. दसऱ्याच्या सुमारास तो मुलगा पुन्हा भेटला. म्हणाला, "सर, बर्फाचं खरं ठरलं की!" मी म्हणालो, बाबा रे, ठरले. पण एकदा जुळले म्हणून नियम होत नाही, आणि एकदा फसले म्हणून खोटेही होत नाही. एल निनोही त्या वर्षी ओसरला होता, त्याचे श्रेय कोणाला द्यायचे? शंभर वर्षे लिहून ठेवावे तेव्हा कुठे एका खुणेची पारख होते. त्याने विचारले, "मग आपल्या गावचं कुनी लिवून ठेवलंय का?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून ते उत्तर मी आज आपल्याकडे, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींकडे, मागतो आहे. तालुक्याच्या ठिकाणी पाऊस मोजला जातो, मंडळाच्या ठिकाणीही मोजला जातो. पण पाऊस शिवाशिवाला बदलतो. प्रत्येक शाळेच्या पटांगणात, झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, सरळ उभ्या कडांचे एक भांडे ठेवावे. रोज सकाळी साडेआठला, त्याच वेळेला, त्यातले पाणी पट्टीने मोजावे आणि वहीत लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे गुंठ्याला सुमारे शंभर लिटर आणि एकराला चार हजार. हा हिशेब मुलांना घालावा, त्यांना आवडतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना रिकामा सोडू नये. शून्यसुद्धा नोंद आहे. मृगाचे वाहन काय होते, कावळ्याने घरटे कुठे बांधले, एप्रिलचा सरकारी अंदाज काय होता, तेही त्याच वहीत शेजारी लिहावे. आणि वर्षअखेर, काय जुळले आणि काय फसले, ते प्रामाणिकपणे मांडावे.

गावच्या जुन्या माणसांचा यात अपमान नाही. उलट त्यांच्या खुणांना पहिल्यांदा न्याय मिळेल. सहदेव-भाडळीची वचने असोत की ब्लॅनफर्डचे बर्फ, वहीसमोर सगळे सारखे.

दहा वर्षांनी ती वही शाळेची शान होईल. तीस वर्षांनी गावची इस्टेट होईल. राजर्षींनी पाणी साठवले, आपण निदान पावसाची आठवण साठवू. मग एखाद्या मे महिन्यात, एमआयडीसीच्या फाटकासमोर, कोणी आपल्या मुलाला विचारील, "काय रं, औंदा पेरू का थांबू?" तेव्हा त्या मुलाला काश्मिराकडे पाहण्याआधी स्वतःच्या गावची वही उघडता येईल.